गणिताला शिकवणारं माणूस लागतं: जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी व
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद.

विषय: दोन शिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रतिनियुक्तीवर नेल्याबाबत आणि गणिताचा सराव पालकांच्या मोबाइलवर ढकलल्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षकांपैकी एकच उरले होते. मॅडमची प्रतिनियुक्ती झाली होती. आदेशात 'तात्पुरत्या स्वरूपात' असं लिहिलं होतं. कापूस घरात येऊन विकला गेला, तूर कापून झाली, हरभरा निघाला, तरी ते तात्पुरतं स्वरूप संपलेलं नाही. चार वर्ग, ३८ लेकरं आणि एक शिक्षक असं आमचं वर्ष गेलं. त्याच सुमारास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सायंकाळी गणिताच्या सरावाची लिंक यायला लागली. पाल्याकडून सोडवून घ्या, फोटो टाका. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं आपल्या कार्यालयानं कुठंही म्हटलेलं नाही. गावात मात्र सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की वर्गात जे शिकवणं बंद पडलं ते आता घरानं करायचं.

केंद्रप्रमुखांकडं अर्ज दिला, पंचायत समितीत दिला, पोच घेतली. उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे.

माझी मुलगी तिसरीत आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, बचत गटाचा हिशेब लिहिते. तीन एकर वावर आहे, त्यात पऱ्हाटी आणि तूर. आमच्या गावातलं कोणतंही लेकरू खासगी शिकवणीला जात नाही, कारण शिकवणी तालुक्याला आहे आणि तिथवर नेऊन आणायला कोणाला सवड नाही. गणित शिकायचं तर ते याच शाळेत.

आता मुलीच्या वहीतलं एक उदाहरण सांगते. ५२ वजा २७. तिनं उत्तर लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, मग तो वर असो की खाली, असं तिनं धरलेलं आहे. ही चूक तिची एकटीची नाही. वजाबाकी शिकणाऱ्या पुष्कळ लेकरांची ती होते आणि जाणत्या शिक्षकाच्या ती पाहताक्षणी ध्यानात येते. लिंकवर ३५ लिहिलं की लाल फुली येते आणि खाली 'पुन्हा प्रयत्न करा' येतं. ती पुन्हा ३५ लिहिते. फुलीला काय कळणार की पोरीच्या डोक्यात नेमकं काय चाललंय?

मॅडम होत्या तेव्हा त्यांनी तुराट्या कापून त्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. ५२ म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. त्यातून सात काड्या द्यायच्या. सुट्या तर दोनच आहेत. मग लेकरू इकडं तिकडं पाहतं, आणि शेवटी एका जुडीचं रबर स्वतःच काढतं. हातात बारा काड्या येतात, मागं चार जुड्या उरतात. दशक सुटा करणं म्हणजे काय ते त्याच्या हातानं घडलेलं असतं. मग वहीत पाचावर काट मारून चार लिहिताना ते कशासाठी हे त्याला सांगावं लागत नाही. दिवाळीच्या आधी वर्गात नेमकं हेच चालू होतं. ते अर्ध्यावर राहिलं. जुड्या अजून खिडकीत पडून आहेत.

त्याच मुलीला मी विचारलं, ५२ रुपये घेऊन दुकानात गेलीस आणि २७ रुपयांचं सामान आणलंस तर उरले किती? ती म्हणाली, पंचवीस. कसे, म्हटलं. म्हणे, सत्तावीसचे तीस व्हायला तीन, तीसचे पन्नास व्हायला वीस, आणि वरचे दोन. म्हणजे दुकानात बरोबर, वहीत चूक, आणि मुलगी तीच.

हा काही आमच्याच घरचा चमत्कार नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञांचा त्यांच्या सहकाऱ्यांसोबत केलेला अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणारी मुलं त्यांनी तपासली. ही मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी बरोबर करत. तसंच गणित शाळेच्या मांडणीत कागदावर दिलं की अडत. आणि बाजारात काम न करणारी, शाळेत जाणारी मुलं उलट बाजाराच्या हिशेबात अडत. एकीकडचं येणं दुसरीकडं आपोआप जात नाही. ते जोडून द्यायला मधे कोणीतरी लागतं. आमच्या गावात ते काम शिक्षकाचं आहे. माझं, माझ्या सासूचं किंवा मोबाइलचं ते नाही.

घरात गणित नाही असं आपल्या कार्यालयाला वाटत असेल तर एकदा वेचणीच्या दिवसांत सायंकाळी आमच्या अंगणात यावं. बाया कापूस वेचून आणतात, काटा होतो, माझ्या सासूबाई चुकारा करतात. त्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. ३७ किलो, किलोमागं १२ रुपये. त्या म्हणतात, दहानं तीनशे सत्तर, वरच्या दोनानं चौऱ्याहत्तर, झाले चारशे चव्वेचाळीस. संख्येची फोड करून गुणाकार करायची ही रीत शाळेत फळ्यावरही येते. सासरे चौथी शिकलेले, पण पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी त्यांना आजही पाठ आहे. सात अडीच म्हणताच साडेसतरा म्हणतात. चौफुलीवर सरकी टोबताना, म्हणजे कापसाचं बी लावताना, लेकरं उभे तास आणि आडवे तास, म्हणजे ओळी मोजतात, तो गुणाकारच आहे. माझं माहेर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत. तिथं मे महिन्यात तेंदूपत्त्याची सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात. सुट्टीत मामाकडं गेलेली माझी पोरगी सत्तर, एकशे चाळीस, दोनशे दहा असं धडाधड म्हणत गेली. वर्गात मात्र सातचा पाढा सात सक्कमच्या पुढं अडतो. सत्तर-सत्तर मोजणं म्हणजे सातचाच पाढा, फक्त दहापट, हे तिला कोणी दाखवून दिलेलं नाही. दाखवायला दहा मिनिटं पुरतील. ती दहा मिनिटं चार वर्ग सांभाळणाऱ्या एकट्या सरांनी आणायची कुठून?

आता आमच्या तक्रारी.

पहिली शिक्षकाची. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमची मुलं ३८ आहेत. त्याच कायद्याचं कलम २५(२) म्हणतं की हे प्रमाण राखण्यासाठी एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येणार नाही. कलम २७ मधली तीन कामं त्याला अपवाद आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. त्या कामांना आमची ना नाही. देशाचं काम आहे, शिक्षक करतील, आम्ही सांभाळून घेऊ. पण मॅडमची प्रतिनियुक्ती या तिन्हीपैकी कशासाठीही झालेली नाही. मग ती कोणत्या नियमात बसते, एवढं आम्हाला लेखी सांगावं.

दुसरी वेळेची. सरांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. माणूस वेळेवर येतो, लेकरांना जीव लावतो. पण त्यांचा दिवस आम्ही डोळ्यानं पाहतो. आल्याबरोबर ऑनलाइन हजेरी, मग पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, मग वरून आलेली माहिती 'आजच, तात्काळ' भरायची, मग एखाद्या उपक्रमाचे फोटो लिंकवर टाकायचे, आणि रेंज नसली की फोन घेऊन पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभं राहायचं. उरलेल्या वेळात पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पहिलीच्या लेकरांना आकडे गिरवायला द्यायचे, तोवर चौथीचा भागाकार घ्यायचा. चौथीतला मुलगा ६१२ भागिले ३ करतो आणि २४ लिहितो, मधलं शून्य गाळतो. ते शून्य का लिहायचं हे समजावता समजावता पहिलीत भांडण होतं आणि सर तिकडं उठून जातात. त्या मुलाचं शून्य राहून जातं. पाचवीला तो दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल, तिथं म्हणतील याचा पायाच कच्चा आहे.

तिसरी तक्रार लिंकची, आणि गावात सगळ्यात जास्त राग याचाच आहे. घरात फोन एकच, तोही घरधन्याच्या खिशात. ते बाजार समितीत गाडी लावून रांगेत असले की फोन रात्री घरी येतो. आम्ही वावरातून आलो की आधी पाणी, चूल, जनावरं. रात्री नऊला लेकरू पेंगत असतं आणि गटावर सूचना असते की अमक्या पाल्याचा फोटो आलेला नाही, सगळ्या गावासमोर नावानिशी. मग ज्या घरात सातवी-आठवीतला भाऊ असतो तो दोन मिनिटांत दहा उदाहरणं सोडवतो, धाकटी त्याच्यावरून उतरवून काढते, फोटो जातो. आपल्या तक्त्यात त्या घरापुढं खूण पडते. उत्तर बरोबर असतं आणि लेकराला काहीच आलेलं नसतं. अशा खुणा जमवून जिल्ह्याचा जो अहवाल बनत असेल, त्यावर आपण खरंच विसंबता का?

ज्या घरात मोठा भाऊ नाही तिथं बाप शिकवायला बसतो. दिवसभर उन्हात राबून आलेला माणूस. वर दहा घेतले की खालच्या आकड्यात एक मिळवायचा, ही त्याची रीत. शाळेत दशक सुटा करून शिकवलेलं. दोन्ही रीतींनी उत्तर बरोबर येतं, पण लेकराच्या डोक्यात दोन्हींचा काला होतो. ते एकदा चुकतं, दोनदा चुकतं, तिसऱ्यांदा पाठीत धपाटा बसतो. त्यानंतर त्या पोराला गणिताची वही काढ म्हटलं की पोटात दुखायला लागतं. हे मी एका घराचं सांगत नाही. समितीच्या बैठकीत बाया एकामागून एक हेच सांगत होत्या आणि सांगताना रडत होत्या. दिवसभर घरी नसलेल्या आईनं रात्री लेकराजवळ बसायचं ते मार पाहायला का?

चौथी, चाचण्यांची. पायाभूत चाचणी होते, संकलित होते, गुण ऑनलाइन भरले जातात. तपासलेला पेपर घरी येत नाही. माझ्या मुलीला किती गुण पडले हे मला कळतं. 'तीन हजार पाच' हे तिनं ३०००५ असं लिहिलं, हे कळत नाही. मला गुणांपेक्षा ते कळायला हवं आहे.

आणि गणित पेटी. शाळेत ती आहे, चांगली आहे. मण्यांची माळ, दशकाचे दांडे, खोट्या नोटा, ठोकळे. ती कपाटात असते, कारण मणी हरवले तर शिक्षकाला जाब द्यावा लागतो असं त्यांच्या मनात बसलेलं आहे. लेकरांच्या हातात वस्तू दिली की ती हरवणार, तुटणार. त्यासाठीच तर ती दिलेली असते.

केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला निपुण भारत सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावं, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि साधे गुणाकार सोडवता यावेत, असं त्यात ठरलेलं आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेलं आहे, अक्षर सुंदर आहे. ते वर्ष येत्या जूनपासून सुरू होतं. देशाच्या ग्रामीण भागाचं चित्र काय आहे हे मुलांना किती येतं ते तपासणाऱ्या 'असर' २०२४ च्या पाहणीत आलेलं आहे: तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येते, पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार. ही पाहणी करणारे लोक घरी येतात, एकेका लेकराजवळ बसतात आणि त्याला येतं की नाही ते पाहतात. २०२२ मध्ये हेच आकडे २५.९ आणि २५.६ होते, म्हणजे शिकवलं की फरक पडतो. आमच्या लेकरांना तो फरक का मिळू नये?

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. नवीन सत्र उघडेल त्या दिवशी शाळेत दोन शिक्षक हजर असावेत. मॅडमच परत आल्या तर आनंद आहे, पण दुसरं कोणी आलं तरी आम्ही त्यांना डोक्यावर घेऊ. वर्ष संपेपर्यंत मात्र त्या पदाला हात लावू नये.

२. रोज गणिताचा एक तास ठरवून द्यावा आणि त्या तासात शिक्षकाकडं कोणतीही माहिती, फोटो किंवा लिंक मागू नये. याचा लेखी आदेश काढून तो शाळेच्या फलकावर लावावा, म्हणजे आम्हालाही आठवण करून देता येईल.

३. मोबाइलवरचा गणिताचा सराव सक्तीचा राहू नये आणि गटावर लेकरांची नावं जाहीर करणं आजपासून बंद व्हावं. घरचा अभ्यास पाटीवर मावेल एवढा आणि आमच्या घरात होण्यासारखा द्यावा. 'आज घरी काट्यावर झालेली पाच वजनं लिहून आण', 'बाजारातून आणलेल्या भाजीचे पैसे किती झाले ते आजीला विचारून लिही', 'सकाळ-संध्याकाळचं दूध मिळून किती झालं?' असं काही. लेकरं ते आकडे घेऊन आली की दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी त्याच आकड्यांची बेरीज-वजाबाकी फळ्यावर मांडावी. यात आमचाही हात लागेल आणि लेकराला कळेल की आजीचा हिशेब आणि पुस्तकातला हिशेब एकच आहे. याला ना रेंज लागते ना रिचार्ज.

४. तपासलेले चाचणीचे पेपर पालकांना दाखवावेत. पालकसभा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. त्या दिवशी वावरातलं काम बंद असतं, गडी-बाया दोघंही येऊ शकतात. आजवर सभा आपल्या सोयीनं ऐन वेचणीत लागली आणि मग 'पालक उदासीन' असा शेरा पडला. त्याच सभेत शिक्षकांनी अर्धा तास आम्हालाच शिकवावं, की शाळेत वजाबाकी कोणत्या रीतीनं घेतात आणि भागाकार कसा मांडतात. घरी दुसरी रीत सांगून लेकराचा गोंधळ होणार नाही.

५. गणित पेटीतलं साहित्य वापरात हरवलं किंवा तुटलं तर त्याचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ते कमी करणं, मुख्याध्यापकाच्या स्तरावर व्हावं.

गावाकडून जे होईल ते आम्ही करू. तुराट्यांच्या जुड्या, चिंचोके, बांगड्या, मोजायला लागेल ते आणून देऊ. बचत गटाच्या बाया आळीपाळीनं दुपारी पहिलीच्या लेकरांजवळ बसायला तयार आहेत, तसा ठराव गटानं घेतला आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा रोजचा भाव शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर लिहायचं काम चौथीच्या मुलांना द्यावं, भाव सांगायची जबाबदारी कास्तकारांनी घेतली आहे. मात्र यातलं काहीही शिक्षकाच्या बदल्यात नाही. बाया लेकरं सांभाळतील, गणित शिकवायला शिक्षकच पाहिजे.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय आम्ही घेतो आहोत. त्याआधी आपलं लेखी उत्तर आलं तर ते तिथं सगळ्यांसमोर वाचलं जाईल. नाही आलं तर या पाच मागण्यांचा ठराव होईल आणि त्याची प्रत शिक्षण उपसंचालकांकडं जाईल. आपण स्वतः ग्रामसभेला आलात तर फार बरं. लेकरं तिथंच असतील, एखाद्याला जवळ बसवून ५२ वजा २७ विचारता येईल.

आपली,
तिसरीतल्या एका मुलीची आई,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती